खिशातले गाणे : एका निवडीचा इतिहास

2005 साली मी पहिला एमपीथ्री प्लेअर विकत घेतला. दुकानात उभे राहून मी तीन गोष्टी विचारल्या. किंमत काय, गाणी किती बसतात आणि साध्या पेन्सिल सेलवर चालतो का. तिसरा प्रश्न भारनियमनाने शिकवलेला होता. आमच्या गावी त्या काळात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसे, मग चार्जिंगचा प्लेअर घेऊन करायचे काय? चौथी गोष्ट दुकानदाराने आपणहून सांगितली. "सर, यात आवाजही टेप होतो." त्या एका वाक्यासाठी मी दोनशे रुपये जास्त मोजले, कारण मला खाला आठवली.

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. हळदीच्या रात्रीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पाळण्याची गाणी, काही दखनीत, काही मराठीत, काही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. घरात इतरांना त्यांचे तुकडे येत, अख्खी फक्त तिला. तिची सत्तरी उलटली होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी ती डबी तिच्यापुढे ठेवली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "इत्ती सी डब्बी में मैं कैसी बैठूंगी रे?" मग पाऊण तास गात राहिली.

ती डबीत बसली खरी, पण बाहेर यायला तिला चौदा वर्षे लागली. असे का व्हावे हे शोधता शोधता मी खिशातल्या गाण्याचा इतिहास वाचत गेलो. आम्ही दुकानात ज्या गोष्टींची चौकशी करत होतो, किंमत, आवाजाचा दर्जा, जागा, त्यांनी या इतिहासात फारसे काही ठरवलेले नाही असे मला वाटू लागले. गाणे यंत्रात कोणत्या दाराने जाते, आणि गेल्यावर बाहेर येऊ शकते का, यावर बरेच काही ठरले. हा प्रश्न दुकानात कुणीच विचारत नव्हते, मी तरी कुठे विचारला!

इतिहासाची सुरुवात लाकडाच्या एका ठोकळ्यापासून करावी लागते. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स नावाचे डच अभियंते काम करत. मोठाल्या चकत्यांच्या टेपरेकॉर्डरला ते कंटाळले होते. नवे यंत्र केवढे असावे हे ठरवण्यासाठी त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला. माप आधी ठरले, यंत्र त्यात बसवायचे. 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांपुढे आली. पुढे फिलिप्सने ही रचना इतर कंपन्यांना मोफत वापरू दिली, त्यात जपानच्या सोनी कंपनीच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. म्हणून तर कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही टेपरेकॉर्डरमध्ये वाजली. आणि त्या टेपरेकॉर्डरला एक लाल बटण असे. ऐकणाऱ्यालाही आवाज साठवता येई. ऑटेन्स 2021 साली वारले.

वॉकमन त्यानंतर सोळा वर्षांनी, 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. किंमत 33,000 येन. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, त्यातून हे यंत्र निघाले अशी हकिकत सांगितली जाते. पत्रकारांसाठी केलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली आणि त्याजागी स्टिरिओ ऐकण्याची सोय घातली, की वॉकमन झाला. लाल बटण गेले ते इथे. पहिल्या वॉकमनला इअरफोनसाठी दोन छिद्रे होती, कारण एकट्याने कानात गाणे घालून बसणे उद्धटपणाचे दिसेल अशी कंपनीला धास्ती वाटत होती. ती भीती फार काळ टिकली नाही. (अंगावर बाळगायच्या स्टिरिओची कल्पना आंद्रेआस पावेल या जर्मन-ब्राझिलियन गृहस्थांनी त्याआधीच मांडून 1977 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. सोनीने त्यांच्याशी तडजोड केली, पण त्यासाठी त्यांना वीस-पंचवीस वर्षे भांडावे लागले.)

आपल्याकडे वॉकमन फार थोड्यांच्या कंबरेला दिसला. आला तो टेपरेकॉर्डर, तोही बहुधा आखातातून परतणाऱ्या माणसाच्या सामानातून. कॅसेटने इथे काय उलथापालथ केली याचा अभ्यास पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने 1993 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केला आहे. तबकड्या काढणे हे एका बड्या कंपनीचे काम होते. कॅसेट काढायला एक खोली आणि दोन-चार यंत्रे पुरत. त्यामुळे भजनी मंडळे, कव्वाल, शाहीर, तमाशाचे फड, गावोगावच्या बोलीतले विनोद, सगळे कॅसेटवर आले. त्याबरोबर चोरट्या नकलाही आल्या. जिल्ह्याच्या गावी एखादे दुकान असे, तिथे गाण्यांची यादी दिली की चार दिवसांत कोरी कॅसेट भरून मिळे. आम्ही वहीच्या पानावर साठ मिनिटांची बेरीज करून यादी द्यायचो. शेवटचे गाणे तरीही अर्ध्यावर तुटायचेच.

ही बेरीज नवी नव्हती. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे आज आपल्याला ज्या तबकड्यांवरून ऐकू येते, त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा राग खाँसाहेबांनी तेवढ्यात बसवला. 1937 साली ते गेले. आज त्यांचा तो राग आपण ऐकतो तेव्हा काही अंशी त्या तबकडीचा व्यासही ऐकत असतो. यंत्रात किती मावते यावर गाण्याने स्वतःला कापून घेण्याची रीत अशी जुनी आहे, आणि डिजिटल काळात ती पुन्हा येणार होती.

सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात असतो : सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा. एका सेकंदाचे सुमारे 14 लाख बिट झाले. एवढे ओझे तेव्हाच्या संगणकाला जड आणि टेलिफोनच्या तारेला तर अशक्यच. तरीही जर्मनीत एरलांगेन येथील प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना टेलिफोनच्या तारेतूनच संगीत पाठवायचे होते. हे होणारे नाही, असे पेटंट-परीक्षकाचे मत पडले, तेव्हा झाइट्झर यांनी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला कामाला लावले. त्या विद्यार्थ्याने आणि एरलांगेनच्याच फ्राउनहोफर संस्थेतील सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाच्या दुबळेपणाचा फायदा घेतला. ढोल वाजत असताना शेजारची बांगडी किणकिणली तर ती आपल्याला ऐकू येत नाही. मग ती साठवायची तरी कशाला? न ऐकू येणारे असे सगळे गाळले की आवाज दहा-अकरापट कमी जागेत मावतो. सुझॅन व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे त्यांनी कसोटीला लावले, कारण त्यात वाद्येच नाहीत. नुसता मानवी आवाज आहे, आणि मानवी आवाज बिघडला की कानाला लगेच कळते. जुलै 1995 मध्ये या फाइलींच्या नावापुढे 'एमपीथ्री' ही तीन अक्षरे लावायचे ठरले.

पहिला खिशातला एमपीथ्री प्लेअर दक्षिण कोरियातून आला. साइहान या कंपनीचा 'एमपीमॅन', साल 1998. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीने 'रिओ' हा प्लेअर 200 डॉलरला काढला. त्यात जागा होती 32 मेगाबाइट. एमपीथ्रीच्या तेव्हाच्या प्रचलित दर्जानुसार एका मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो, म्हणजे जेमतेम अर्धा तास. खाँसाहेबांच्या तबकडीपेक्षा बरे, पण एखादा बडा ख्याल काही त्यात मावला नसता. फिरता भाग मात्र एकही नव्हता. टेप नाही, चकती नाही, धावताना गाणे अडखळत नाही. तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर, वीज गेली तरी लिहिलेले न विसरणाऱ्या चिपवर, ते उभे होते.

रिओ दुकानात आला न आला तोच, ऑक्टोबर 1998 मध्ये, अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. डिजिटल नकला करणाऱ्या यंत्रांवर 1992 च्या कायद्याने बंधने घातली होती. अशा यंत्राने नकलेची नक्कल होऊ देता कामा नये, आणि प्रत्येक यंत्रामागे कंपन्यांना ठरावीक रक्कम द्यावी. रिओ ही बंधने पाळत नाही, सबब विक्री थांबवावी, अशी मागणी होती. 15 जून 1999 रोजी अपील न्यायालयाने ती फेटाळली. रिओ आपली गाणी संगणकाच्या हार्ड डिस्कवरून घेतो, आणि संगणक हे काही त्या कायद्याच्या अर्थाने संगीताच्या नकला काढायचे यंत्र नव्हे. शिवाय माणसाने स्वतःजवळचे गाणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ऐकले तर त्यात वावगे काय, असा निकालाचा रोख होता. त्यासाठी न्यायालयाने 1984 च्या एका खटल्याचा दाखला दिला. दूरदर्शनवरचा कार्यक्रम व्हिडिओवर घेऊन नंतर पाहणे गैर नाही, हे त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते, आणि तो खटला जिंकणारी कंपनी होती सोनी.

या निकालाने खिशातले गाणे कायदेशीर ठरले. पण त्यातली एक बारीक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. रिओमध्ये संगणकावरून गाणे जाई, पण रिओतून ते बाहेर काढून दुसऱ्या यंत्रात देता येत नसे. न्यायालयाने याची नोंद घेतली आहे. पुढचे प्लेअर काढणाऱ्यांनी हा एकमार्गी दरवाजा चांगला ध्यानात ठेवला.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे ग्राहकाची निवड अगदी स्पष्ट होती. चिपवाला प्लेअर घ्यायचा, तर तो चिमुकला, टिकाऊ, पण अर्ध्या-एक तासाचा. हार्ड डिस्कवाला घ्यायचा, तर त्यात घरातली सगळी गाणी मावत, पण तो विटेएवढा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 2000 साली 6 गिगाबाइटचा 'नोमॅड ज्यूकबॉक्स' काढला, तो आकाराने खिशातल्या नव्हे, पिशवीतल्या सीडी प्लेअरसारखा होता. हा पेच तोशिबाच्या 1.8 इंची हार्ड डिस्कने सोडवला. अशी डिस्क तयार आहे, तिचे करायचे काय हे अजून ठरलेले नाही, हे अ‍ॅपलचे जॉन रुबिनस्टाइन यांना जपानच्या फेरीत समजले. टोनी फॅडेल यांच्या हाताखाली काम सुरू झाले आणि वर्षही पुरे व्हायच्या आत, 23 ऑक्टोबर 2001 रोजी, आयपॉड जाहीर झाला. 5 गिगाबाइट, 399 डॉलर, हजार गाणी. हजारचा हिशेब सेकंदाला 160 किलोबिट आणि गाणे चार मिनिटांचे असा धरलेला आहे, मी करून पाहिला, बरोबर येतो.

आयपॉड सर्वांत स्वस्त नव्हता, पहिला नव्हता, त्यात रेडिओ नव्हता आणि सुरुवातीला तो फक्त अ‍ॅपलच्याच संगणकाला जोडता येई. तरी तो जिंकला. त्याच्या गोल चाकाचे आणि पांढऱ्या इअरफोनचे कौतुक पुष्कळ झाले आहे, ते खरेही आहे. हजार गाण्यांतून हवे ते अंगठ्याने दोन सेकंदांत काढता येणे ही लहान गोष्ट नव्हे. (यादीतून यादीत उतरण्याची ती रीत आपल्या पेटंटमधली आहे असा दावा क्रिएटिव्हने केला आणि 2006 साली अ‍ॅपलला 10 कोटी डॉलर मोजावे लागले.) पण दाराच्या दृष्टीने पाहिले तर आयपॉडने रिओचा धडा पुरा गिरवला होता. संगणकातून गाणी त्यात एका ओळीत शहाण्यासारखी जात. आतमध्ये मात्र त्या फाइलींची नावे चार-चार अक्षरांच्या गोंधळात बदलून लपवलेली असत, म्हणजे दुसऱ्या संगणकाला लावून कुणी सहज काढून घेऊ नये. नव्या आयपॉडच्या पडद्यावरच्या कागदावर 'गाणी चोरू नका' असे छापलेले असे.

सोनीचे काय झाले? वीस वर्षे खिशातल्या गाण्यावर राज्य केलेल्या, व्हिडिओचा तो खटला जिंकलेल्या कंपनीने या खेळात पहिला नंबर लावायला हवा होता. पण 1988 साली सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती. एका हाताने प्लेअर विकायचे आणि दुसऱ्या हाताने गाणी. दुसरा हात पहिल्याला धरून ठेवू लागला. 1999 च्या अखेरीस सोनीने चिपवाला वॉकमन काढला, तो दिसायला देखणा होता, पण साधी एमपीथ्री फाइल त्याला चालत नसे. ती आधी सोनीच्या स्वतःच्या अ‍ॅट्रॅक या प्रकारात बदलायची, कुलूप लावायचे, मग प्लेअरमध्ये घालायची. एक गाणे ठरावीक वेळाच बाहेर काढता येई, पुन्हा काढायचे तर आधीचे परत जमा करायचे. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे, फक्त पुस्तक तुमचेच. सोनीने 2004 च्या अखेरीपासून एमपीथ्री सरळ वाजवू दिले, तोवर गाडी सुटली होती. अनेक जाणकार तेव्हा म्हणत की अ‍ॅट्रॅकचा आवाज त्याच आकाराच्या एमपीथ्रीपेक्षा सरस आहे. असेलही, पण ग्राहकाला हवी तशी फाइल त्यात सरळ घालता येत नव्हती.

कुलपांची खरी गंमत पुढे झाली. अ‍ॅपलने 28 एप्रिल 2003 रोजी गाण्यांचे दुकान उघडले, 99 सेंटला एक गाणे, कुलूप अ‍ॅपलचे. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये दुसरे कुलूप आणले आणि अनेक कंपन्यांच्या प्लेअरवर ठसा मारला, त्याचा अर्थ होता 'हमखास वाजेल'. 2006 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने स्वतःचा 'झून' प्लेअर काढला, आणि त्याच्यावर ती हमखास वाजणारी गाणी वाजेनात! एप्रिल 2008 मध्ये त्याच कंपनीने आपल्या जुन्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना कळवले की 31 ऑगस्टनंतर किल्ल्या देणारा संगणक बंद होईल. त्यानंतर नवा संगणक घेतला तर पैसे देऊन घेतलेली गाणी त्याच्यावर उघडणार नाहीत. आरडाओरडा झाला, मुदत वाढली. पण ज्यांनी चोरून गाणी घेतली होती ती सगळी वाजत राहिली आणि ज्यांनी दाम मोजले त्यांच्या दाराला टाळे लागायची वेळ आली, हे लोकांनी पाहिले. 2009 च्या जानेवारीत अ‍ॅपलने आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपे काढत असल्याचे जाहीर केले.

यातले आपल्यापर्यंत काय पोहोचले? कुलपे पोहोचली नाहीत, कारण दुकानेच पोहोचली नव्हती. आपल्याकडे आधी आली एमपीथ्रीची सीडी. फुटपाथवर मिळणाऱ्या त्या सीडीत दीडशे-दीडशे गाणी असत, वर एखाद्या गायकाचा फोटो, आत भलत्याच गायकाची पाच-सहा गाणी घुसडलेली. त्यामागून चीनमधून बिननावाचे प्लेअर आले. पेन ड्राइव्हसारखे, एक-दोन बोटांएवढे. पैकी पुष्कळांच्या पोटात चीनमधल्या झुहाई येथील अ‍ॅक्शन्स कंपनीची एकच चिप असे, वरचे प्लास्टिक तेवढे वेगळे. माझाही त्यातलाच. 256 मेगाबाइट, म्हणजे पन्नासेक गाणी. संगणकाला लावला की डिस्क म्हणून दिसे, गाणी आत टाका, बाहेर काढा, कुणी विचारणार नाही. महागड्या आयपॉडने दिले नाही ते या डबीने दिले होते. तिचे दोष वेगळे. आत असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा सांगणारे खोटे प्लेअर बाजारात सर्रास असत. जागा संपली की नवे गाणे जुन्यावर चढे. देवनागरीत नाव दिले तर माझ्या प्लेअरच्या पडद्यावर चौकटींची रांग उमटे. त्यामुळे आमच्या सगळ्या गाण्यांना इंग्रजी अक्षरांतली वेडीवाकडी नावे पडली, आणि 'कलावंत' या रकान्यात गायक लिहावा की संगीतकार, हा घोळ तर आजतागायत मिटलेला नाही.

काही वर्षांत हे प्लेअरही मागे पडले. मोबाइलमध्ये बोटाच्या नखाएवढे मेमरी कार्ड आले आणि जिल्ह्याच्या गावातले ते कॅसेट भरून देणारे दुकान पुन्हा उघडले, या वेळी मोबाइल रिपेअरिंगच्या पाटीखाली. कार्ड द्या, पैसे द्या, दहा मिनिटांत भरून घ्या. फरक इतकाच की वहीच्या पानावरची यादी गेली. दुकानदार आपल्या संगणकातली अख्खी घडीच कार्डात ओतून देई आणि एकाच तालुक्यातल्या हजारो खिशांत तीच पाचशे गाणी वाजत. निवड ग्राहकाकडून त्याच्याकडे गेली होती. आपल्याकडच्या लोकांच्या आवडीचा इतिहास लिहायचा तर या दुकानदारांना भेटायला हवे, असे मला फार वाटते. त्यांचे संगणक भंगारात गेले, यादी कुणी ठेवली नाही.

मोबाइलने खिशातला वेगळा प्लेअर संपवला. सोनीने जपानमधली कॅसेट वॉकमनची विक्री 2010 मध्ये थांबवली. अ‍ॅपलने 10 मे 2022 रोजी शेवटचा आयपॉड बंद करत असल्याचे सांगितले. एमपीथ्रीची पेटंटे संपून फ्राउनहोफरने एप्रिल 2017 मध्ये परवाने देणे थांबवले, तेव्हा 'एमपीथ्री मेली' अशा बातम्या आल्या. वास्तविक ती त्या दिवशी सर्वांसाठी मोकळी झाली होती. त्याच वर्षी सारेगामाने 'कारवाँ' काढला. जुन्या रेडिओच्या रूपातले ते यंत्र, पाच हजार गाणी आतच भरलेली, निवडायला काहीच नाही, नुसती मूठ फिरवायची. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ते भेट म्हणून गेले. आमच्याही घरी आहे. त्याला पेन ड्राइव्ह लावायची खाच ठेवली आहे, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली.

आता त्या डबीकडे येतो. गाण्यांसाठी तिचे दार सताड उघडे होते. आवाज टेप केला तर मात्र ती एमपीथ्री करत नसे. 'एसीटी' नावाच्या, त्या चिपच्याच स्वतःच्या प्रकारात ती फाइल ठेवी. सेकंदाला 8 किलोबिट, म्हणजे त्या वेळच्या सामान्य एमपीथ्रीच्या सोळाव्या हिश्शाने. बोललेले टिपून ठेवायला केलेला हिशेब तो, गाण्याला नव्हे. प्लेअरवर ती वाजे. संगणकावर वाजवायची तर सोबतच्या छोट्या सीडीतला प्रोग्रॅम लागे. ती सीडी मी एकदाही उघडली नाही. प्लेअर आहे ना, मग घाई काय? 2007 च्या पावसाळ्यात सेल आतच राहून गळला आणि प्लेअर मेला. ज्या पेन्सिल सेलसाठी मी तो निवडला होता त्यानेच. फाइल तेवढी संगणकावर उतरवून ठेवली होती. सीडी सापडली तेव्हा तिचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना. 2011 साली खाला गेली. मी संगणक बदलले, डिस्क बदलल्या, आणि दर वेळी ती न उघडणारी फाइल इमाने इतबारे एका डिस्कवरून दुसरीवर नेत राहिलो.

2019 च्या ईदला भाचा घरी आला होता, संगणकाचे शिक्षण घेणारा. त्याला फाइल दाखवली. जगभरचे लोक फावल्या वेळात मिळून लिहितात अशा 'एफएफएमपेग' नावाच्या मोफत प्रोग्रॅमला तो प्रकार वाचता येतो, असे त्याने शोधून काढले. दूर कुठेतरी कुणाला तरी त्या बिननावाच्या चिनी डब्यांची फाइल उघडून द्यावीशी वाटली होती. भाच्याने एक ओळ टाइप केली. "मामू, होऊन गेलं," म्हणाला.

आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा होता. वरच्या पट्टीत खाला गेली की नुसती खरखर. मध्ये कुकरची शिट्टी, कोंबड्या, "चालू हय ना रे मशीन?" असे तिचे तीनदा विचारणे, आणि पाळण्याच्या एका गाण्यानंतर बराच वेळ काहीच नाही, फक्त श्वास. पाऊण तासापैकी एकतीस मिनिटे निघाली. बाकीचा भाग गाण्यांच्या कॉप्यांनी पुसला गेला असावा. आम्ही ते अम्मीला ऐकवले. ती गप्प ऐकत होती. तिसऱ्या ओवीला मात्र तिने हात वर केला. आपा इथे एक नाव चुकली, तिथे आमच्या मामूचे नाव येते, असे तिचे म्हणणे पडले, आणि तिने ती ओवी स्वतः म्हणून दाखवली. अम्मीला ओव्या येतात हे आम्हाला त्या दिवशी कळले. मी मोबाइल काढला, फाइल कोणत्या प्रकारात जाते ते आधी पाहिले आणि तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगितले.